खाली कोण झोपतं?

स्वयंपाकाचा गॅस गळला की वर जात नाही, खाली बसतो. टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. म्हणून तो पाण्यासारखा वागतो. उतार शोधतो, खोलगट जागा आधी भरतो, उंबरठ्याशी अडतो, फट सापडली की तिथून पुढे सरकतो. मावळात पाण्याची चाल लहान पोरांनाही ठाऊक असते. वरच्या खाचरातलं पाणी बांध फोडून कुठल्या खाचरात उतरेल, अंगणातलं पाणी कुठल्या कोपऱ्यात साचेल, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. फरक इतकाच की पाणी डोळ्यांना दिसतं. गॅसचा बांध फुटला तर काहीच दिसत नाही.

वडिवळ्याच्या धरणाकाठी एका कॅम्परव्हॅनमध्ये राहण्याचा योग आला तेव्हा हे सगळं माझ्या डोक्यात नव्याने फिरायला लागलं. कामशेतला महामार्ग सोडून, रेल्वे आणि इंद्रायणी ओलांडून नाणे गावाच्या बाजूला वळलं की हा मुलूख सुरू होतो. ढाक बहिरीला आणि जांभिवलीच्या कोंडेश्वराला जाणारे भटके इथूनच जातात. पवनेच्या काठी तंबूंची जशी दाटी झाली आहे तशी इकडे अजून नाही, पण सुरुवात झाली आहे. पाण्याच्या कडेला तंबू, एखाद्या शेताच्या मोकळ्या तुकड्यात पत्र्याची शेड आणि आता अधूनमधून चाकांवरचं घर. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हान पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांची चर्चा वाढली आहे. हौशी लोक प्रवासी व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, सिंक, शेगडी, फ्रीज बसवून घेतात.

आमच्या गाडीत ओट्याखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तळहाताएवढी पांढरी डबी बसवलेली होती. तिच्यावर हिरवा दिवा. इतक्या खाली का, असं बरोबरच्या एका मुलाने विचारलं. धुराचा अलार्म छताला असतो हे त्याने सिनेमात पाहिलं होतं. पण धूर तापलेला असतो म्हणून वर जातो, आणि टाकीतला गॅस जड असतो म्हणून खाली. शहरात पाइपमधून येणारा गॅस तिसराच. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, त्याची डबी छताजवळ हवी. पुण्यातल्या घरी पाइपचा गॅस असलेल्या माणसाने तोच अंदाज गाडीत लावला तर अलार्म वर बसेल आणि गॅस त्याच्या पायाशी साचत राहील. गाडी बांधून देणाऱ्या कारागिरांनाही हे विचारून घ्यावं. चांगल्या सुतारकामाच्या मोहात कधी ही डबी नजरेआड, फळीच्या मागे जाते, आणि फळीच्या मागे हवा खेळत नाही.

एक हिशेब मी त्या रात्री वहीत करून पाहिला. गाडीची आतली लांबी चार मीटर, रुंदी पावणेदोन, उंची माणूस जेमतेम उभा राहील एवढी. या मिश्रणाचं हवेतलं प्रमाण साधारण १.८ टक्क्यांवर गेलं की ते ठिणगीने पेट घेतं. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलं तर हवा कमी पडते म्हणून पेटत नाही. सगळ्या गाडीत गॅस सारखा मिसळला असता तर धोक्यापर्यंत पोचायला अर्धा किलोच्या आसपास लागला असता. पण तो सारखा मिसळत नाही. समजा तो तळाशी वीतभर उंचीच्या थरातच राहिला, तर पन्नास-साठ ग्रॅम पुरतात. शेगडीचा नॉब अर्धवट फिरला, ज्योत पेटलीच नाही आणि कुणाचं लक्ष गेलं नाही, तर वीस मिनिटांत एवढा गॅस बाहेर पडतो. घरगुती टाकीत १४.२ किलो भरलेला असतो. घरच्या स्वयंपाकघरात खिडकी असते, दाराखाली फट असते, शेजारी पॅसेज असतो. गाडीत थंडी आणि डास अडवायला आपणच सगळ्या फटी बुजवतो.

वास येईलच की, असं लोक म्हणतात, आणि ते अर्धं खरं आहे. मूळ गॅसला जवळपास वास नसतो. त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात, म्हणून तो कुजक्या कोबीसारखा घाण वास येतो. वास मिसळण्याची सक्ती जगात पसरली ती एका शाळेतल्या मुलांच्या मरणानंतर. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात न्यू लंडन इथे १८ मार्च १९३७ रोजी शाळेच्या तळघरात साचलेला नैसर्गिक वायू पेटला आणि सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. त्या वायूला वास नव्हता, म्हणून कुणाला काही कळलं नव्हतं. आज आपल्या नाकाला जो इशारा मिळतो तो त्या मुलांच्या जिवावर मिळालेला आहे.

पण नाक रात्री काम करत नाही. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये झोपलेल्या माणसांना वास देऊन पाहिले, एक पुदिन्याचा आणि एक पिरिडीनचा, म्हणजे अगदी उग्र. गाढ झोपेत वासाने माणसं जागी झाली नाहीत, आवाजाने झाली. हे वाचल्यापासून ‘आमचं नाक फार तिखट आहे’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. जागेपणीही तोच वास सतत येत राहिला की नाक त्याला सरावतं आणि सांगायचं थांबवतं. करोनानंतर कित्येकांच्या वासाची जाण महिनोन् महिने गेली होती, काहींची पूर्ण परतलीच नाही. सर्दी झालेला माणूस, वय झालेला माणूस, दिवसभर चुलीच्या धुरात राबलेली बाई, यांच्या नाकावर आख्ख्या गाडीचा जीव सोपवता येत नाही.

म्हणून ती डबी. तिच्यामागे जपानमधली एक खटपट आहे. तिथे घरोघर प्रोपेनच्या टाक्या पोचल्या तसे स्फोटही वाढले. नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये कथिलाच्या ऑक्साइडचा संवेदक पेटंट केला आणि १९६८ पासून त्याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. तत्त्व साधं आहे. कथिलाचं ऑक्साइड तापवून ठेवलं की हवेतला प्राणवायू त्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि विजेच्या वाटेत अडथळा होतो. पेटणारा वायू आला की तो हा प्राणवायू खाऊन टाकतो, अडथळा कमी होतो, वीज वाहू लागते. तेवढ्या फरकावर भोंगा वाजतो, आणि तोही हवा पेटण्याजोगी होण्याच्या बऱ्याच आधी, त्या मर्यादेच्या पाव हिश्श्याच्या आतच.

यात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि दुकानदार ती सांगत नाहीत. पृष्ठभाग सतत तापवून ठेवायचा म्हणजे सतत वीज हवी. ही डबी दिवसरात्र थोडी थोडी वीज पीत असते. गाडी दोन दिवस एका जागी उभी राहिली, ढगांमुळे छतावरच्या सौर पॅनेलने साथ दिली नाही की बॅटरी उतरते, आणि मग पहाटे कधीतरी डबी कुरकुर करायला लागते. झोपेतून उठलेला माणूस तिचा फ्यूज काढतो. सकाळी तो परत लावायचा राहतो, आणि त्यानंतर ती डबी भिंतीवर नुसती दिसायला असते. मला वाटतं, अशा गाड्यांमधला सर्वांत मोठा धोका हाच आहे. अलार्म नसलेल्या गाडीत माणूस निदान सावध असतो. बंद पाडलेल्या अलार्मच्या गाडीत तो निर्धास्त झोपतो.

उगाच वाजते अशी तिच्याबद्दल दुसरी तक्रार. डास मारायचा स्प्रे उडवला तर वाजते, डिओडरंटने वाजते, सॅनिटायझरने वाजते. मी याला उगाच म्हणणार नाही. आपल्याकडच्या अशा कित्येक फवाऱ्यांत द्रव बाहेर ढकलायला स्वयंपाकाचाच गॅस भरलेला असतो आणि सॅनिटायझर म्हणजे पेटणारं अल्कोहोल. पेटणारं काहीतरी हवेत आलं, एवढंच ती सांगते, आणि ते खरं असतं. एकदा अशी डबी पलंगाखालच्या बॅटरीमुळे वाजल्याचं एका जाणत्या मेकॅनिककडून ऐकलं. शिशाची जुनी बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होत होती आणि तिच्यातून हायड्रोजन निघत होता. मालक शेगडीची नळी पुन्हा पुन्हा तपासत होता, नळी ठीक होती. हायड्रोजन तर टाकीतल्या गॅसपेक्षाही लवकर पेटतो.

पण माझं मन अडकलं ते दुसऱ्याच ठिकाणी. जेवणं झाल्यावर काठाकाठाने फिरताना कॅम्पवर काम करणाऱ्या मुलांशी बोलणं निघालं. आजूबाजूच्या वाड्यांमधली पोरं, कुणी बारावी झालेला, कुणी कॉलेज सोडलेला. शनिवार-रविवारी तंबू लावायचे, शेकोटी पेटवायची, चिकन भाजायचं, रात्री उशिरापर्यंत पाहुण्यांचे हट्ट पुरवायचे. त्यांच्यातल्या एकाला विचारलं, “तुम्ही झोपता कुठे रे?”

“किचनमध्ये, ताई. शेडमध्येच. पाऊस लागत नाही तिथं.”

शेडच्या तिन्ही बाजूंना ताडपत्री बांधलेली. एका कोपऱ्यात १९ किलोच्या दोन निळ्या टाक्या, दोन्ही मोठ्या शेगडीला जोडलेल्या. टाक्यांपासून दोन हातांवर जमिनीवर चटया. टाक्या आतच का ठेवता, असं विचारलं तर तो म्हणाला, “बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात.” त्याचं उत्तर खोटं नव्हतं. माझ्या गाडीत पलंग कमरेएवढ्या उंचीवर होता आणि खाली राखणीला डबी. या पोरांची चटई नेमकी तिथे, जिथे गॅस येऊन साचणार, आणि तिथे राखणीला काही नाही. लांबच्या प्रवासात गाडीचा चालक सीट मागे पाडून झोपतो, नाहीतर दोन पलंगांच्या मधल्या जागेत सतरंजी टाकतो. घरकामाला आलेली मुलगी स्वयंपाकघराच्या फरशीवर झोपते. हॉटेलातला पोऱ्या भटारखान्यात. गॅस खाली बसतो, आणि आपल्याकडे खाली झोपणारा माणूस ठरलेला असतो.

२३ डिसेंबर २०२४ रोजी केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हानमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. ते पर्यटक नव्हते. एक गाडीचा चालक होता, दुसरा त्याच मालकाचा कर्मचारी. एसीसाठी जनरेटर चालू होता आणि तळातल्या भोकातून त्याचा धूर आत येत राहिला. कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेने नंतर तीच परिस्थिती घडवून मोजलं, तेव्हा दोन तासांत आतल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण दहा लाखांत साडेनऊशे भागांच्या वर गेलं होतं. बाहेर मोकळी हवा होती, रहदारी चालू होती, आणि आत दोघं झोपेतच गेले.

हा वायू निराळा. तो टाकीतून येत नाही, अर्धवट जळण्यातून येतो. वजनाने हवेएवढाच, म्हणून खाली बसत नाही, सगळीकडे पसरतो. त्याला वास नाही, रंग नाही, घशाला खवखव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. ओट्याखालची गॅसची डबी त्याच्यासाठी वाजेल या भरवशावर राहू नये. त्याचा अलार्म वेगळा, झोपणाऱ्याच्या डोक्याच्या आसपास लावायचा. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक गेले, त्यात चार मुलं होती. दारं-खिडक्या आतून बंद होत्या. टाकी गळत नव्हती, हीटर फुटला नव्हता. ज्योत खोलीतला प्राणवायू खात राहिली, एवढंच.

मावळात याचं रूप म्हणजे कोळशाची शेगडी. दुपारपासून पावसाने धरलेलं असतं, चिकन भाजून झालेलं असतं, शेगडीत लाल निखारे असतात आणि कुणालातरी वाटतं, ही तंबूत घेऊ या, ऊब येईल. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. उलट आहे. धूर संपल्यावर उरलेला निखाराच कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो, आणि तंबूचं कापड पावसाने भिजलं की त्यातून हवासुद्धा नीट येत-जात नाही. जुन्या घरांत चुली होत्याच की, असा प्रश्न कुणी विचारेल. होत्या, पण कौलांच्या फटींतून ती घरं श्वास घेत होती. तंबूची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतलेली असते.

उघड्यावर उभी गाडी म्हणजे मोकळी जागा, ही समजूत मदुराईतही घात करून गेली. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे लखनौहून निघालेला यात्रेकरूंचा खासगी डबा मदुराई स्थानकाच्या आवारात वेगळा काढून उभा केलेला होता. नियम मोडून आत नेलेल्या गॅस टाकीवर चहा करायला घेतला आणि आग लागली. नऊ जण गेले. घरापासून लांब आपल्या हातचा चहा हवा असणं यात काही वाईट नाही. आपली माणसं जत्रेला, वारीला, देवदर्शनाला शिधा-शेगडी घेऊनच निघत आली आहेत. वारीच्या ट्रकांमध्येही टाक्या असतात, आणि त्यांच्या शेजारीच माणसं विसावतात.

गाडीतल्या टाकीची खरी जागा गाडीच्या बाहेर उघडणाऱ्या कप्प्यात. कप्प्याचा आणि झोपायच्या जागेचा हवेचा संबंध नको, आणि त्याच्या तळाला खाली रस्त्याकडे भोक हवं, म्हणजे गळलेला गॅस आपणहून निघून जातो. टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर अक्षर आणि आकडा लिहिलेला असतो. ‘सी-२८’ याचा अर्थ ही टाकी जुलै ते सप्टेंबर २०२८ मध्ये पुन्हा तपासायची आहे. ए म्हणजे पहिली तिमाही, डी म्हणजे शेवटची. रबरी नळीवर वर्ष छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची, आणि गाडीतली नळी तर धक्के, ऊन, उंदीर यांमुळे त्याआधीच बघायची. त्या पांढऱ्या डबीचंही आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं, तारीख मागच्या बाजूला असते. हिरवा दिवा त्यानंतरही लागत राहतो, म्हणून दिव्यावर विसंबू नये. वाजलं तर आधी ज्योत विझवायची, टाकी बंद करायची, दारं उघडून सगळ्यांनी खाली उतरायचं. कुठलाही स्विच चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही, पंख्याचासुद्धा नाही. गाडीत पाण्याचा पंप आणि फ्रीज आपोआप चालू-बंद होतात, त्यांची ठिणगी आपल्या हातात नसते, म्हणून आत थांबून शोधाशोध करू नये. लांब गेल्यावर १९०६ ला फोन करायचा, तो नंबर चोवीस तास लागतो. धरणाच्या आतल्या बाजूला मोबाइलची रेंज येते-जाते, तेव्हा ती कुठे मिळते हे संध्याकाळीच बघून ठेवावं.

सकाळी दूध घ्यायला गावात गेले तेव्हा एका घरी ओसरीवर बसले. चूल आणि गॅस दोन्ही असलेलं घर. चहा झाल्यावर मावशींनी नॉब बंद केला आणि मग वाकून टाकीचा रेग्युलेटरही फिरवला. दर वेळी करता का, म्हणून विचारलं. “व्हय की. गॅस आणला तवा त्या माणसानं सांगितलं हुतं, रातच्याला वरून बी बंद करायचं आन् खालून बी. तवापास्नं हात आपोआप जातो.” गॅस देणाऱ्याने दारात उभं राहून दोन मिनिटं सांगितलं होतं, आणि ते अजून टिकलं आहे. कॅम्पवरच्या पोरांना असं कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना तंबूची गाठ शिकवली होती, पाहुण्यांशी कसं बोलायचं ते शिकवलं होतं.

निघण्याआधी मी कॅम्पच्या मालकाशी बोलले. अलार्म दोन-तीन पाहुण्यांच्या एका रात्रीच्या पैशांत येतो, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. टाक्यांसाठी शेडच्या बाहेर जाळीचा कुलूपबंद पिंजरा करायचा आणि नळी भिंतीतून आत घ्यायची, याचाही त्यांनी लगेच हिशेब मांडला. वेल्डिंगवाला कामशेतला आहेच. चटया मात्र लगेच हलवायच्या आणि झोपताना दोन बाजूंच्या ताडपत्र्या खालून हातभर उचलून बांधायच्या, एवढं त्या दिवशीच ठरलं. रात्री बोलणारा तो मुलगा शेजारी उभा राहून सगळं ऐकत होता. त्याने विचारलं, “ताई, पण लाइट गेल्यावर ते वाजतं का?”

प्रश्न अगदी बरोबर होता. पावसाळ्यात इकडे वीज तासन् तास जाते, आणि बाजारात मिळणारे बरेचसे अलार्म भिंतीच्या प्लगवर चालतात. वीज गेली की तेही गप्प. मी त्याला माझ्या गाडीतली डबी दाखवली. बारा व्होल्टवर चालणारी अशीच घ्यावी लागेल आणि तिला स्वतंत्र बॅटरी द्यावी लागेल, जिच्यावर दुसरं काही जोडायचं नाही. त्याने डबीमागची तारीख वाचली, दोन तारा कुठून कुठे गेल्या आहेत ते गाडीखाली वाकून पाहिलं आणि मालकाला म्हणाला, “दादा, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी नको हां, ती उतरते. नवीनच आणू.”